आपल्या गावचा सुभाष

प्रिय आत्या,

उद्या सुभाषच्या खटल्यात माझी साक्ष आहे. काल तुझ्या वृद्धाश्रमाचे चालक, दादा, घरी येऊन गेले. त्यांना काय हवं होतं ते पुढे सांगते. मी त्यांना जे उत्तर दिलं ते आधी तुझ्या कानावर घालायला हवं होतं, म्हणून हे पत्र.

तुझं खुब्याचं हाड मोडलं आणि मला अंबडच्या कारखान्यात पाळ्या करून तुझ्याकडे बघणं जमेना, तेव्हा आपण दोघींनी मिळून तो आश्रम ठरवला. मी दादांना पहिला प्रश्न काय विचारला होता, आठवतंय? "कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी होते का?" तू मला कोपराने ढोसलंस. दादा हसले. "प्रत्येकाची होते, ताई. निर्धास्त राहा."

माझं कामच तपासणीचं. आमच्याकडे बाहेरून आलेला साधा बोल्टसुद्धा मोजल्याशिवाय आत जात नाही. तुला त्याचं फार हसू यायचं. "जावई आणशील तोबी मोजून घेशील का?"

मग सुभाष कामाला लागला. पहिल्याच दिवशी तुझ्या खाटेशी येऊन म्हणाला, "जेवन व्हयनं का माय?" आणि तू विरघळलीस! नवरा गेल्यावर सटाणा सोडून नाशिकला आलीस, मला सांभाळायला, आणि तुझी अहिराणी माझ्याशी बोलण्यापुरतीच उरली. मी तर उत्तर प्रमाण मराठीत द्यायची. तू त्याला गाव विचारलंस, मामाचं नाव विचारलंस, मामा ओळखीचा निघाला. रविवारी मी आले तेव्हा तूच मला सांगितलंस, "आपला गावना पोऱ्या शे."

झाली तुझी पडताळणी.

दोन-तीन रविवारांनी तुझी जीभ जड वाटायला लागली. मी आले तरी तू अर्धवट झोपेत. सुभाष म्हणाला, "वय झालं ताई, आता असंच व्हायचं." तो बाहेर गेल्यावर तू हळूच म्हणालीस, "रोज सांजले गोळी देस तो. कडू." मी उठलेच होते, तर तू माझा हात धरून बसवलंस. "गावच्या माणसाची तक्रार करायची नाही. त्याची आई काय म्हणेल?"

त्याची आई, आत्या? आणि मी?

मी तरीही दादांना सांगितलं. "विचारतो," म्हणाले. त्याच आठवड्यात तू न्हाणीघराच्या उंबऱ्यावर कोसळलीस. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना झोपेची इतकी औषधं कोणी लिहून दिली?" कोणीच दिली नव्हती. तुम्ही सगळ्या लवकर झोपलात की सुभाषला रात्री उठायला लागायचं नाही, एवढंच त्याचं कारण होतं.

तू त्यातून उठलीच नाहीस. तुझे तेरा दिवस झाल्यावर मी द्वारका चौकातून जीप धरून नांदगावला गेले. तुमच्याकडे येण्याआधी सुभाष तिथल्या आश्रमात कामाला होता, हे त्याने तुलाच गप्पांत सांगितलेलं. तिथे स्वयंपाकाच्या बाई लसूण सोलत होत्या. नाव ऐकताच त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"त्याला हाकलला आम्ही! म्हाताऱ्यांना गोळ्या घालून निजवायचा."

"मग नाशिकला कळवलं का नाही?"

"कोनी इचारलंच नाय, ताई."

एक फोन, आत्या! नांदगावला एक फोन!

नाशिकला परतले ती थेट पोलीस ठाण्यात गेले. सुभाष मामाच्या घरी सापडला. त्याचा जामीन नाकारला गेला त्या दिवशी मी कोर्टातून बाहेर येऊन एक प्लेट मिसळ खाल्ली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच जेवणाची चव लागली. तुला हे आवडणार नाही. नको आवडू दे.

दादांनी आश्रमात तुझी शोकसभा ठेवली. फोटोला हार, सगळ्यांचे नातेवाईक जमलेले. ते तुझ्या मायाळूपणाबद्दल बोलत होते, तेव्हा मी उभी राहिले.

"दादा, सुभाषची पोलीस पडताळणी कधी केली होती?"

"अगं पोरी, ही वेळ आहे का? आपल्या सटाण्याचा मुलगा. त्याच्या मामाला मी लहानपणापासून..."

"मी मामाची नाही विचारली."

मागून एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "मग आमच्या वॉर्डातल्या दोघांची तरी केलीय का?" दादा वळून फोटोवरचा हार सरळ करू लागले. पुढच्या महिन्याभरात निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या. मी मधूनमधून रस्ता वाकडा करून तिथून जाते आणि अंधारलेल्या खिडक्या बघते. बरं वाटतं.

तर काल दादा आले. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "सुभाषला हवी ती शिक्षा होऊ दे. पण पडताळणीचा शब्द मी दिला होता, तेवढं कोर्टात बोलू नकोस. आश्रम बंद पडेल. आत्या असत्या तर त्यांनी माफ केलं असतं."

मी म्हटलं, "हो. म्हणूनच त्या नाहीत."

आत्या, तू आयुष्यभर माणसाला दोनच गोष्टी विचारून घरात घेतलंस: कुठला आणि कोणाचा. उद्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मलाही आधी तेच विचारतील. मी सटाण्याचं नाव सांगेन, मग तुझं. त्यानंतर सुभाषने काय केलं ते सांगेन आणि दादांनी काय केलं नाही तेही, एक शब्द न गाळता. माफी तुझ्याकडे होती, ती तुझ्याबरोबर गेली. माझ्याकडे मागायला कोणी आलं तर रिकाम्या हाताने परत जाईल, हा माझा शब्द.

तुझीच भाची,
वैशाली