पायाचं कटर रविवारी जाणार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण दुकानात आडवं व्हायला जागा उरलेली नाही. का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? लेकीच्या घरी म्हणे तुला स्वतंत्र खोली आहे, तिला दार आहे, आणि दुपारचं जेवण झालं की ते दार लावून तू चार वाजेपर्यंत घोरतोस. वाचून आनंद झाला. (खोटं कशाला बोलू, थोडा जळफळाटही झाला.) इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे माझी झोप बिघडली आहे, आणि फ्रेमच्या पट्ट्या कापायचं आपलं पायाचं कटर अजिबात बिघडलेलं नसताना येत्या रविवारी भंगारात निघालं आहे. काळजीचं कारण नाही. धावतपळत येण्याची तर मुळीच गरज नाही.

झालं असं की तुझ्या पुतण्याने त्याच कामाला विजेवर चालणारं नवं यंत्र आणलं. ते काम चोख करतं, हे मला मान्य आहे. (त्याच्यासमोर अजून मान्य केलेलं नाही.) कोपरा असा जुळतो की सांध्यात केस शिरणार नाही. दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची, म्हणजे बोटं आपोआप पात्यापासून लांब राहतात. दुसऱ्या माणसाची गरजच नाही. पण त्या यंत्राने भिंतीपासून टेबलापर्यंतची सगळी जागा खाल्ली, आणि आता काचांकडे जायचं तर मला पोट आत ओढून जावं लागतं, जे या वयात दिवसातून दोनदाच जमतं. शेवटी मुलगा म्हणाला की दोन्ही राहणार नाहीत, एक काय ते ठरवा. मी रागावलो. आणि राग आला की मला झोप येते हे तुला माहीत आहे. तिथेच स्टुलावर डोळा लागला, माझं मौन म्हणजे होकार समजला गेला, आणि मी जागा होईपर्यंत त्याने भंगारवाल्याला रविवार सांगूनही टाकला होता.

भलत्या वेळी झोपायचं हे दुखणं तसं आपल्या घराण्यातलंच. अण्णांचा नियम आठवतो ना? ज्याच्या डोळ्यावर झोप, त्याने कटरला हात लावायचा नाही. त्यामुळे आपल्या दुकानात झोप हे कामच होतं. जेवण झालं की टेबलाखाली पुठ्ठ्यांच्या चळतीवर पाळीपाळीने पडायचं, आधी अण्णा, मग तू, मग मी, आणि माझी पाळी येईपर्यंत नेमकं कोणीतरी लग्नाचा फोटो घेऊन यायचं. लोक घड्याळ बघून झोपतात, आपण गिऱ्हाईक बघून झोपलो. तुझं तर त्याहून पुढचं होतं. तू उभ्या उभ्या झोपायचास, तेही नऊ फुटी पट्टी हातात धरून. मी पायाशी, तू पट्टीशी. पेन्सिलची खूण मला दिसायची नाही, ती पात्याखाली नीट बसली की तू नुसतं "हं" म्हणायचास आणि मी पाय मारायचो. बत्तीस वर्षं आपण दोघं दिवसभर याहून फारसं काही बोललोच नाही. (तुझ्या भावजयीला हे अजूनही पटत नाही. ती म्हणते, मग घरी येऊन इतके दमायचात कशाने?)

त्या वकिलांच्या तळ्याचं आठवतं? फावल्या वेळात चित्रं काढायचे ते. भर दुपारी तू पट्टी धरून झोपलास आणि झोपेतच "हं" म्हणालास. मी इमानेइतबारे पाय मारला. पट्टी वीतभर कमी भरली, आणि त्या नक्षीची तेवढी एकच उरली होती. अण्णांनी पट्टी पाहिली, आपल्या दोघांकडे पाहिलं, आणि दोघांनाही टेबलाखाली झोपायला पाठवलं. संध्याकाळी वकील आले तेव्हा आपण दोघं पुठ्ठ्यांवर श्वास रोखून पडलो होतो. अण्णा त्यांना शांतपणे म्हणाले की तळं उत्तम उतरलं आहे, फक्त वरचं आकाश जरा जास्त झालंय, ते थोडं झाकलं तर पाणी उठून दिसेल. वकील खूश. पुढची सगळी चित्रं त्यांनी कमी आकाशाची काढली. अण्णा त्यावरून आपल्याला एका शब्दाने बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं की सुटलो. आता वाटतं, बोलले असते तर बरं झालं असतं, निदान त्यांचा रागावलेला आवाज आठवायला राहिला असता.

आता माझी गत ऐक. पाय मारण्याचं काम संपलं तशी रात्रीची झोप उडाली. पहाटे चारला टक्क जागा, आणि सकाळी अकराला, दुकानात माणसं उभी असताना, डोळे मिटतात. डॉक्टरांनी विचारलं, झोप कधी येते? मी म्हटलं, गिऱ्हाईक आलं की. त्यांनी व्यायाम सांगितला. मी म्हटलं, तो जन्मभर उजव्या पायाने केला आहे, आता डाव्याने करू का? गेल्या महिन्यात एका निवृत्त पोस्टमनचं मानपत्र फ्रेम केलं. अर्धवट झोपेत कागद उलटा बसवला, पांढरी बाजू काचेकडे. बिचाऱ्याने ते आठ दिवस बैठकीत लावलं होतं. नवव्या दिवशी घेऊन आला आणि अगदी हळू आवाजात विचारू लागला की उन्हाने अक्षरं उडतात का हो? मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फ्रेम उघडून कागद सुलटा केला, तेव्हा तो उभ्यानेच सगळं मानपत्र वाचत राहिला. त्यानंतर तुझ्या पुतण्याने मला फ्रेमच्या मागचे खिळे ठोकायला बसवलं आहे. सांगायचा मुद्दा, मी मजेत आहे. कटर गेलं तर जाऊ दे, लोखंडच ते. तू गुडघा सांभाळ, प्रवासाची दगदग करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. एक लिहायचं राहिलं. अण्णांचा फोटो अजून टेबलाच्या खालच्या खणात, खाकी कागदातच आहे. गावभरच्या भिंती आपण भरल्या आणि आपल्या बापाला सहा वर्षं खणात ठेवलं, कारण तुला काळी पट्टी हवी होती आणि मला सोनेरी. तू म्हणालास, "अण्णा साधे होते." मी म्हणालो, "म्हणून काय गेल्यावरही साधंच राहायचं?" त्यावर तू चप्पल घातलीस, आणि पुढच्याच महिन्यात लेकीकडे राहायला गेलास. तर दादा, मी मोठ्या मनाने हट्ट सोडला आहे. काळी लावू. पण रविवारच्या आत ये. त्या कटरवरची शेवटची फ्रेम अण्णांची व्हावी असं मला फार वाटतं, आणि ते एका माणसाचं काम नाही.

ता. क. दुसरा. तुझी भावजय खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, खरं काय ते लिहा. खरं असं, की गेल्या मंगळवारी मी सोनेरी पट्टी नव्या यंत्रावर एकट्यानेच कापली. कमी भरली. अण्णांचा डावा कान फ्रेमखाली जात होता. पुन्हा कापली, पुन्हा तेच. यंत्राचा दोष नाही आणि त्या दिवशी झोपही नव्हती. समोर अण्णांचा फोटो ठेवून माप घेत होतो, आणि डोळ्यांत पाणी आलं की टेपवरचे आकडे दिसत नाहीत. अशी सगळी सोनेरी संपली. दुकानात आता काळीच उरली आहे.

ता. क. तिसरा. ती काळी फोटोभोवती नुसती धरून पाहिली. तुझंच बरोबर होतं. येताना हे पत्र बरोबर घेऊन ये आणि माझ्या हातात दे, म्हणजे तुझ्याकडे पुरावा राहणार नाही.