तबकातला जास्तीचा ग्लास

बाई,

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीची सभा झाली आणि वडील म्हणून माझं नाव पुढे आलं. तुम्ही गेल्यापासून आपल्या कर्जतच्या चर्चमध्ये त्या जागेवर बाईमाणूस बसलेलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "घाई नाही, प्रार्थना करा, येत्या रविवारी सांगा." म्हणजे घाई आहेच. साजगावच्या कारखान्यात मी अजून माल तपासायचंच काम करते. तिथल्या कँटीनमध्ये मी हे बोलून गेले, तर माझ्याबरोबर डबा खाणारी बाई म्हणाली, "वडील म्हंजे काय गं? पगार वाढला का?" मी तिला सांगितलं की आम्हा प्रेस्बिटेरियन लोकांत पाळक एकटे कारभार बघत नाहीत. लोक आपल्यातलेच काहीजण निवडतात. ते घरोघरी जातात, दुखलं-खुपलं बघतात, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस लोकांच्या हातात देतात आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी घेतात. "म्हंजे काम जास्ती आन पैसा नाय," ती म्हणाली, "मंग नाय म्हनून टाक की!" मी म्हटलं, होवो न होवो, मला काय फरक पडतो. आणि भाजीचा डबा तिच्याकडे सरकवला.

तुम्हाला मी एकदा विचारलं होतं, बोलावणं आलं हे कळतं कसं? तुमच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून. मी तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची, नोकरीला लागलेली, आणि तुम्ही शाळेतून निवृत्त झालेल्या. तुम्ही तांदूळ निवडताय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "कानात येऊन कोणी सांगत नाही गं," तुम्ही म्हणता. "लोक दारात येऊन उभे राहतात. मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा आले तेव्हा चुलीवरचं दूध उतू गेलं, त्या गडबडीत हो म्हणून बसले." एवढंच. मला काहीतरी मोठं ऐकायचं होतं, त्यामुळे तेव्हा थोडा रागच आला.

त्याच वर्षीचा तो रविवार. प्रभुभोजनाची तयारी आदल्या दिवशी व्हायची. काळ्या मनुका उकळायच्या, फडक्यातून पिळून रस गाळायचा, आणि स्टीलचे बोटभर उंचीचे ग्लास तबकात मांडायचे. भाकर मोडूनच द्यायची असल्यामुळे ती पुरायची. ग्लास मात्र यादीप्रमाणे, माणशी एक. कोंडाण्याच्या आदिवासी वाडीवरच्या एका बाईचा आदल्या महिन्यात बाप्तिस्मा झाला होता. माझ्यापेक्षा लहान, तरी तुम्ही तिला ताई म्हणायचात. शनिवारी निघताना तुम्ही मला सांगितलंत, "उद्यासाठी एक ग्लास वाढव." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तबक घेऊन बाकांमधून फिरलात. तिलाही मिळाला, सगळ्यांना मिळाला. शेवटी तुमची पाळी आली आणि भरलेला ग्लास उरलाच नाही. परत आलेल्या रिकाम्या ग्लासांतला एक तुम्ही उचललात, ओठांना लावलात, मान जराशी मागे केलीत आणि खाली ठेवलात. कोणाला पत्ता लागला नाही. मी मात्र पहिल्या बाकावरून बघत होते. नंतर मागच्या खोलीत ग्लास विसळताना तुम्ही म्हणालात, "एक कमी होता गं." मी म्हटलं, "विसरले, बाई." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. जरा जास्तच वेळ. मग कनवटीची कपाटाची किल्ली काढून माझ्या ओल्या हातात ठेवलीत. "आता दर वेळी तूच मांड," म्हणालात.

ते रागावणं होतं की बक्षीस, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या दिवसापासून मी एक ग्लास जास्तीचा मांडते. तुमच्या शेवटच्या आजारातही मांडला, तुमच्या मातीनंतरच्या रविवारीही मांडला. लोकांना वाटतं, मी फार विचारी आहे.

आणि गेल्या रविवारी झालं ते हेच. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाचं नाव? तर वाडीवरची ती उभी राहिली. आता केस पिकलेत तिचे, गुडघे धरून उठते. सभेत ती कधी बोलत नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या ताई कोनाला इसरत नाय. तबकात एक गिलास जास्तीच ठेवत्यात. आमच्या वाडीवरनं नवं मानूस आलं तरी त्याला मिळतो." सगळ्यांचे हात वर गेले. मी खाली बघत बसले, तर त्यालाही लोक नम्रपणा म्हणाले. काय बोलणार!

बाई, मी विसरले नव्हते. आमच्या घरी ती लाकडाची मोळी घेऊन यायची तेव्हा तिचा चहा कान तुटलेल्या कपात, आणि तो कप बाहेर खिडकीत. ती स्वतः धुऊन ठेवायची. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, पण खिडकीतला कप काही आत आला नाही. त्या शनिवारी मी तिच्यासाठी ग्लास उचलला होता. मग मनात आलं, हे सगळे एकत्र धुतले जाणार, पुढच्या वेळी तिचा कोणता कोणाला ठाऊक? आणि मी तो परत कपाटात ठेवला. ग्लास नसला की ती आपोआप वगळली जाईल असं वाटलं; तिला देऊन तुम्हीच राहाल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. उपाशी राहिलात तुम्ही. लाज वाटते, अजून वाटते.

तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे. तुम्ही उलट काही विचारणार नाही, आणि हा कागद कुठं जाणारही नाही. जिला कळायला हवं तिला वाचता येत नाही. तेव्हा शनिवारी सकाळी कोंडाण्याला जाऊन, तिच्या ओट्यावर बसून, मला तोंडानंच सांगावं लागणार. ती कदाचित म्हणेल, जाऊ द्या ताई. कदाचित रविवारी गुडघे धरून पुन्हा उठेल आणि आपला शब्द मागे घेईल. तो तिचा हक्क आहे, आणि मी बाकावर गप्प बसेन.

कँटीनमध्ये मी म्हटलं होतं ना, मला काय फरक पडतो? तेही खोटंच. मला हो म्हणायचंय, बाई.