कुंकवातला चुना

२२ ऑक्टोबर २००७
जमलं! कार्बनच्या नळ्या, केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या, आज निम्म्याच व्होल्टेजवर इलेक्ट्रॉन सोडू लागल्या. वर मॅग्नेशियम ऑक्साइडचा लेप. दीड वर्ष नुसते लेप देतोय — आणि जालन्यात बसून जमलं! बेबीनंदा मात्र नोंदवहीत डोकं घालून. धावडा गावची पोर, माझी एकुलती एक संशोधक विद्यार्थिनी. पेढ्यालाही हात लावला नाही.

२३ ऑक्टोबर
शेवटी बोलली. "सर, खंडेनवमीला मशीनची पूजा केली तवा झाकण उघडं राह्यल्तं. नमुना आतच व्हता. कुंकू पडलं असंल. कुंकवात चुना ऱ्हातो. त्याच्यानं झालं, लेपानं न्हाई."
मी म्हणालो, "मग काय, संशोधनाच्या पेपरात हळदीकुंकू लिहू? चुन्याचं नाव पुन्हा काढायचं नाही." तिचं तोंड एवढंसं झालं. मला त्या वेळी बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

५ नोव्हेंबर
पेपर पाठवला. "असंच छापणार असाल तर माझं नाव नका टाकू," म्हणाली. रागाच्या भरात काढून टाकलं.

१९ डिसेंबर
बेबीनंदा गेली. वाटूरच्या शाळेत नोकरी धरली. नोंदवही टेबलावर ठेवली, नमस्कार केला, बस्स.

८ मार्च २००८
पेपर छापून आला. कॉलेजात सत्कार, शाल-श्रीफळ. तिकडे नवे सात नमुने — एकही धड नाही.

१४ जून
अकरावाही फुकट. पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलंय: तुमच्या लेपाने आमच्याकडे काहीच फरक पडत नाही. काय उत्तर देऊ? पोर खरं बोलत होती आणि मी हट्टाला पेटलो. फार चुकलं माझं.

२२ जून
वाटूरला जाऊन माफी मागायची म्हणून स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती. चहा घेतला आणि घरी आलो.

२ जुलै
आज तिची वही उघडली. शेवटचं पान, ३ नोव्हेंबर. मुद्दाम चुन्याच्या निवळीचा लेप, सहा नमुने. सहाही चालले, आमच्याहून सरस. खाली माझी सही: "पाहिले, ५ नोव्हेंबर." दर सोमवारी करतो तशी, न वाचता. तिला मात्र वाटलं असणार, सरांनी हे वाचलं आणि तरीही पेपर पाठवला.