माझे फिन कोणीही पायात घालू नयेत

मी, सरुबाई वाळू गभाले, वय वर्षे एकसष्ट, धंदा धरणात बुडी मारून भाल्याने मासे मारणे, राहणार तालुका इगतपुरी, आज नाशिक मुक्कामी हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. श्वास अजून दीड मिनिट धरता येतो. वकीलसाहेबांनी घड्याळ लावून पाहिले आणि तेच घाबरले.

कलम १. राहते घर चिरंजीव गोविंद यास. तो सिन्नरला कारखान्यात आहे, पाण्याला भितो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागच्या दारचा आंबा मात्र सुनेचा, कारण पाणी तिने घातले.

कलम २. होडी, भाला आणि मच्छीमार सोसायटीतील माझी सभासदाची जागा गोविंदाची मुलगी इंदिरा, वय एकोणीस, हिला. या कलमासाठीच बाकीचा कागद आहे. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे माझे धाकटे दीर सहादू. त्यांना ही जागा आपल्या मुलाला, काळूला, द्यायची आहे. बारा वर्षांपूर्वी ती त्यांनी मलाही नाकारली होती, म्हणून ती हकीगत येथे नोंदवते.

१९७४ साली माझा नवरा वारला आणि मी सभासदाची जागा मागितली. सोसायटीचा नियम असा, की धरणात बुडालेल्या झाडांमध्ये जाळी फाटतात, तिथून सगळ्यांसमोर भाल्याने मासा काढील तोच सभासद. मी नवऱ्याचे रबरी फिन, म्हणजे पोहताना घालायची वल्ह्यासारखी पाती, पायात घातले. मुंबईच्या गोदीत तो पाणबुड्यांच्या हाताखाली होता, तेव्हा ते त्याला मिळाले होते, नऊ नंबरचे. माझा पाय आखूड आणि पंजाला रुंद. मी पुढे चिंध्या कोंबल्या. आमच्याकडे सगळेच वाढत्या मापाचे घेतात: शाळेचा झगा, लग्नातली चोळी, वहाणासुद्धा. तीन पुरुष खोल पाण्यात चिंध्या भिजून गोळा झाल्या, एक फिन निसटला, आणि मी एकाच पायाने गरगरत वर आले. काठावरून सहादूभावजी ओरडले, "वहिनी, एक चप्पल देवळात राहिली काय?" सगळे पोट धरून हसले. ते हसणे मी विसरलेले नाही आणि माफही केलेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी मुंबई गाठली. दुकानदार म्हणाला, "मावशी, थोडे मोठे घ्या, पुढे उपयोगी पडतील." मी म्हटले, "पन्नाशीत पाय कुठला वाढतोय?" मुद्दाम संध्याकाळी गेले होते, दिवसभर चालून पाय फुगतात तेव्हा. बादलीभर पाणी मागितले, पाय भिजवले, धरणात घालते तेच पातळ मोजे चढवले आणि एकेक जोड घालून बाकावर पाय हलवत बसले. पहिल्यात अंगठा दुमडला. दुसऱ्याची टाच पाय झटकला की सुटायची. तिसऱ्याचे पाते इतके ताठ की पोटऱ्यांत गोळे आले. गडीमाणसे तेच घेतात, कारण दिसायला दांडगे. चौथा जोड घातला. बोटे मोकळी, टाच धरलेली, पावलावर पोकळी नाही. अर्धा तास झाला तरी पायात काही आहे हे आठवेना. दुकानातली गिऱ्हाइके हसत होती. हसू देत.

त्याच माघात साऱ्या गावासमोर बुडी मारली आणि खोडांमधून माझ्या मांडीएवढा कटला घेऊन वर आले. भावजींनी वजन दोनदा केले. तिसऱ्यांदा मीच करायला लावले आणि सभासदांत नाव चढवून घेतले. मग ओल्या लुगड्यानिशी तो मासा गावभर मिरवला. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे खरे ते लिहिते.

कलम ३. हे फिन. काळू म्हणतो, ते लाभी आहेत, मला द्या. गोविंद म्हणतो, इंदिराला आठवण म्हणून द्या. कोणालाही मिळणार नाहीत. इंदिराचा पाय लांब आणि अरुंद, तिच्या आईवर गेलेला. माझे फिन घालून पोर बुडाली तर आठवण काय चाटायची आहे? माझ्यामागे ते कापून रबराचे तुकडे होडीच्या कडेला ठोकावेत. काठावर आपटताना होडी वाचेल.

इंदिराला मी हातीपायी धड असतानाच मुंबईला नेले. निवडून काही दिले नाही. तिने तीन जोड परत केले, तेव्हा माझा ऊर भरून आला. गेल्या रविवारी तिने सगळ्यांसमोर बुडी मारली. मी काठावर आकडे मोजत होते. एवढी भीती मला स्वतःसाठी कधी वाटली नाही. ती वर आली ती भाल्यावर हातभर लांब वाम मासा घेऊन. लोक ओरडत होते, मी रडत होते. भावजी मात्र "बघतो" एवढेच म्हणाले.

कलम ४. म्हणून साक्षीला मी मुद्दाम सहादूभावजींनाच बोलावले आहे. त्यांची सही झाली की माझ्यामागे त्यांना हरकत घ्यायला तोंड राहणार नाही. सही केली नाही, तर हाच कागद मी सोसायटीच्या दारावर डकवीन.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, एक अक्षरही मागे घ्यायचे नाही.

स्थळ: नाशिक. तारीख: १२ मार्च १९८६.

सही: सरुबाई वाळू गभाले

साक्षीदार: नाथा लहांगे, होडीवाला. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार: सहादू कोंडाजी गभाले, अध्यक्ष. समदं वाचलं. लय लिवलंय, पण खोटं काय नाय. इंदीचं नाव काल सांजच्या मीटिंगला चढवलं. काळूनं बी हात वर केला. वहिनी, तुम्ही मरायची वाट कशाला बघायची?