चौथं नाव

निघोजे,
१२ नोव्हेंबर

प्रिय श्रद्धा,

तुझा फोन सात महिने बंद लागतोय, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. उदगीरचा पत्ता सायलीच्या इथल्या शाळेतून मिळवला. बाई देत नव्हत्या. मी म्हटलं, मुलीची मावशी आहे. खोटं बोलले असं मला वाटत नाही. सायली तिकडच्या शाळेत रुळली का? तिचा खोकला थांबला का?

आम्ही नवराबायको बरे आहोत. दिवाळीआधी शेडमध्ये उसंत नव्हती. मोशीच्या एका सोसायटीचे उंबरठे आणि खिडक्यांच्या पट्ट्या, चिंचवड गावठाणात एका आजोबांचं देवघर, राजगुरुनगरच्या मशिदीत नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला बसायचे ओटे. युसुफ दिवसभर फिटिंगला बाहेर, मी अक्षरं कोरायला आत. लोक अजून हट्टानं स्वयंपाकाच्या ओट्याला पांढरा संगमरवर मागतात. मीही अजून सांगते, लिंबू सांडलं की डाग पडेल, ओट्याला ग्रॅनाइट घ्या आणि संगमरवराचा पोळपाट न्या. हे वाक्य तुझा नवरा, आपला प्रितम, माझ्या आधी म्हणून टाकायचा. त्यानं आमच्याकडे पॉलिशचं काम केलं त्या सहा वर्षांत एक तुकडा वाया जाऊ दिला नाही. मोठ्या तुकड्यांचे खलबत्ते, लहानांची अंगणातली नक्षी, खडी मोझॅकच्या फरशीला, भुगा रांगोळीवाल्यांना. विहारातल्या बुद्धमूर्तीवर तर तो आठ दिवस नुसता हात फिरवत होता. तू सायलीला कडेवर घेऊन बघायला आली होतीस. सायली मूर्तीच्या गालाला हात लावून म्हणाली, गार आहे. प्रितम किती हसला होता.

आता जे घडलं ते सांगते. ऑगस्टमध्ये अर्जुनराव आले, युनियनचे. कंपनीतल्या आगीत गेलेल्यांसाठी गेटसमोर स्मृतिशिळा उभारायची, पांढरा संगमरवर, अक्षरं हातानं कोरलेली हवीत. त्यांनी यादी दिली. तीन नावं होती. मी विचारलं, चौथं, प्रितमचं, कुठाय? ते म्हणाले, "भाभी, तो कंत्राटी होता. आपल्या रजिस्टरला नाही. ठेकेदाराचा माणूस." मी म्हटलं, जळाला तो कुणाच्या शेडमध्ये? ते हळूच म्हणाले, "आग त्याच्याच चुकीनं लागली असं ठेकेदारानं लिहून दिलंय. कशाला विषय वाढवता?" मी यादी त्यांच्या हातात परत ठेवली. चार नावं असतील तर कोरीन, नाहीतर चाकणमध्ये मशीनवर अक्षरं काढणारी दुकानं आहेत, तिकडे जा. युसुफ त्या दिवशी माझ्यावर चिडला. युनियनची माणसं दुखावली तर इथं काम कसं करायचं, म्हणाला. त्याचं चुकत होतं असंही नाही. पण माझा हात त्या तीन नावांवर थांबायला तयार नव्हता.

पंधरा दिवसांनी सुमनताई आल्या. त्या ज्ञानदेवच्या आई. यादीतलं पहिलं नाव त्याचंच, तू त्याला ओळखायचीस. गावातून शेडपर्यंत भर उन्हात चालत आल्या होत्या. शेडमध्ये कापून ठेवलेल्या पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तू माझ्या पोराचं नाव कोरायला न्हाई म्हणलीस म्हनं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "ज्ञानदेव दोन दिस जित्ता व्हता दवाखान्यात. मला सोता म्हनला, आई, प्रितम भाईर पडला व्हता. मला हाक मारत परत आत आला. मला दारातनं ढकललं अन् वरचा पत्रा त्याच्यावर आला."

श्रद्धा, हे वाक्य पुन्हा वाच. तो बाहेर पडला होता. आणि आगीचं म्हणशील, तर प्रितम ज्या मशीनवर होता तिची वायर आदल्या दिवसापासून ठिणग्या टाकत होती, प्रितमनं सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं. हेही ज्ञानदेवनंच आईला सांगितलं. सुमनताईंना तेव्हा कुणी काही विचारलं नाही. दुःखात त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. तुझ्या कानावर ठेकेदाराचं बोलणं तेवढं आलं आणि तू ते घेऊन, मान खाली घालून, गाव सोडून गेलीस.

दुसऱ्याच दिवशी सुमनताई अर्जुनरावांकडे गेल्या. प्रितमचं नाव नसंल तर माझ्या ज्ञानदेवचंबी काढा, म्हणाल्या. त्यावर अर्जुनराव स्वतः माझ्याकडे आले. वाईट माणूस नाही, घाबरलेला होता. आता यादीत चार नावं आहेत आणि यादीवर युनियनचा शिक्का आहे. तीन नावं कोरून झाली. चौथ्यासाठी मी छिन्नी उचलते आणि खाली ठेवते. का, ते तुला सांगायलाच हवं.

प्रितमला कंपनीत मी पाठवला. तुला वाटतं तो आपण होऊन गेला. तो नको म्हणत होता. मीच त्याच्या मागे लागले. पॉलिशच्या धुळीत किती वर्षं काढशील, कंपनीत पीएफ आहे, कंत्राटी लागलास तरी पुढंमागं कायम करतील, असं रोज सांगत होते. ठेकेदाराचा नंबरसुद्धा मीच आणून दिला. तुझ्याकडे मातीच्या दिवशी आले, ती दाराशीच उभी राहिले आणि परत फिरले. तू समजलीस भाभीला गर्दी सोसत नाही. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुझ्या समोर बसून म्हणायचं आहे आणि तू जे बोलशील ते ऐकून घ्यायचं आहे.

पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. मी, युसुफ आणि सुमनताई मागच्या सोमवारी कामगार कार्यालयात जाऊन आलो. चौकशी पुन्हा उघडता येते. सुमनताई जबाब द्यायला तयार आहेत, त्यांनी तिथल्या साहेबांना उभ्या उभ्या सगळं सांगितलंसुद्धा. साहेब म्हणाले, अर्ज मात्र मयताच्या बायकोच्या सहीचा लागेल. अर्ज मी लिहून ठेवलाय, झेरॉक्स सोबत आहे. नीट वाच. सही लगेच कर असं म्हणत नाही, पण सायली मोठी होऊन बापाबद्दल विचारील तेव्हा ठेकेदाराचा कागद तिच्या हातात पडायला नको, एवढं माझं पक्कं ठरलंय. तिला घेऊन ये. उदगीरची गाडी सकाळी वल्लभनगर स्टँडला लागते. येत्या रविवारपासून मी रोज सकाळी तिथं उभी राहणार आहे. तू उतरेपर्यंत.

तुझीच,
सादिकाभाभी