तेच मीठ कशावरून?

ती. आत्यास,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकले आहे, टेबल बुटकं आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यांनाच चार व्यायाम शिकवून आलीस? माझी तब्येत उत्तम, भूक कडकडून लागते, फक्त जीव थाऱ्यावर नाही, आणि ते का हे सांगायलाच हे पत्र. चष्मा लावून वाच आणि रागवायचं ते शेवटी रागव. मधेच रागावलीस तर तू पत्र टाकून फोन करशील, आणि फोनवर तुझ्यापुढे माझी बोबडी वळते.

माझी नोकरी कायम व्हायची की नाही हे तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढच्या एका पाठावर ठरणार होतं, हे तुला ठाऊकच आहे. वाट्याला विषय आला पदार्थांतले भौतिक आणि रासायनिक बदल. विषय मला येत नाही असं नाही, पण साहेब समोर असले की मला माझं नावही आठवून सांगावं लागतं. म्हणून मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले होते तेव्हा, तू स्वयंपाकघरात असताना, कपाटाच्या खालच्या कप्प्यातली तुझी पाठाच्या टाचणांची जुनी वही मी पिशवीत घातली. (चोरी म्हणू नकोस. वस्तूची फक्त जागा बदलली, वस्तू तीच राहिली, म्हणजे फार तर भौतिक बदल.) काय वही आहे गं! काय बोलायचं ते तर आहेच, शिवाय समासात लाल शाईने 'येथे वर्ग हसतो, हसू ओसरेपर्यंत फळा पुसणे', 'येथे क्षणभर थांबून खिडकीबाहेर पाहणे' असं सगळं. मी आठ दिवस घोकंपट्टी केली, समासासकट.

साहेब आले. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, मागच्या बाकात असे अडकून बसले की तास संपल्यावर यांना काढायचं कसं, याची काळजी मला पहिल्या मिनिटापासून लागली. मी मेणबत्तीपासून सुरुवात केली. मेण वितळतं तो भौतिक बदल, मेण जळतं तो रासायनिक, दोन्ही एकाच मेणबत्तीत, हे तुझंच. पण तुझ्या वर्गात पंखा नसणार, कारण पंखा बंद करणे असं टाचणात कुठेच नाही. सात काड्या विझल्या. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने माझी कीव येऊन पंखा बंद केला आणि साहेबांसकट अठ्ठेचाळीस जणांना घाम फुटला. घाम वाळतो तो कुठला बदल, असं एकाने विचारलंही. इतकं सोपं उत्तर, पण ते वहीत नव्हतं, म्हणून मी ऐकू न आल्यासारखं केलं. मग आला खिडकीचा क्षण. तू पाहायचीस तेव्हा बाहेर एखादं झाड असेल. माझ्या खिडकीबाहेर समोरच्या इमारतीला रंग देणारा एक माणूस दोराला लोंबकळत शांतपणे डबा खात होता. मी पाहिलं म्हणून वर्गाने पाहिलं, आणि त्याने पाणी पिऊन डब्याचं झाकण लावेपर्यंत कुणी फळ्याकडे मान वळवली नाही.

तुझा विनोद मात्र मी नेटाने केला. कागद फाडला तर भौतिक बदल, जाळला तर रासायनिक, आणि प्रगतिपुस्तक लपवलं तर? (हल्लीच्या मुलांचे गुण थेट आईवडिलांच्या फोनवर जातात, लपवणार काय? ती ढिम्म.) मी पुढचं बोलायच्या आत मागच्या बाकावरून साहेब हसत म्हणाले, तो बदल नव्हे, नुसता उशीर. वर्ग गप्प होता तरी मी वहीबरहुकूम फळा पुसला. साहेबांना उत्तर कसं माहीत, हा विचार तेव्हा मला शिवलासुद्धा नाही.

तास संपता संपता साहेबांनी हात वर केला. उभे राहिले (बाकही थोडा उभा राहिला) आणि म्हणाले, मीठ पाण्यात विरघळतं, पाणी आटवलं की मीठ परत मिळतं, म्हणून तो भौतिक बदल. पण परत मिळालेलं मीठ तेच, हे कशावरून? मी टेबलावरची वही चाळली, तर शेवटच्या पानावर हाच प्रश्न, शब्दन् शब्द, आणि त्याखालची पहिलीच ओळ मी देवाचं नाव घेऊन खणखणीत आवाजात म्हणून टाकली:

"खाली बस. उद्या सांगते."

आत्या, ते बसले. खरंच बसले, हाताची घडी घालून. वर्ग मात्र असा हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले.

मुलं गेल्यावर साहेब टेबलापाशी आले. मला वाटलं, संपलं सगळं. तर ते म्हणाले, मला हे शाळेत असताना एकदा सांगून झालेलं आहे, याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी वडिलांची बदली झाली आणि माझा उद्या राहिला. त्यानंतर वर्गात कधी हात वर केला नाही, वाटलं, आपला प्रश्नच खुळा असेल. मग हसून म्हणाले, नोकरी मात्र लोकांना प्रश्न विचारायचीच मिळाली. मी पान त्यांच्यापुढे धरलं. त्या ओळीखाली तू वर्षानुवर्षं वेगवेगळ्या रंगांच्या शाईने लिहिलेली अकरा उत्तरं, अकराही खोडलेली, शेवटचं तू निवृत्त झालीस त्या वर्षीचं. साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला तुझा इतका अभिमान वाटला की नोकरी गेली तरी चालेल असं क्षणभर वाटलं. (आता पुन्हा चालणार नाही असं वाटतंय.)

शेऱ्याची जागा त्यांनी कोरी ठेवली. म्हणाले, पाठ छान होता, पण तुमचा नव्हता. येत्या गुरुवारी स्वतःचा घ्या, मी परत येतो. तेव्हा वही रजिस्टर पोस्टाने परत पाठवते आहे. गुरुवारी मी माझ्या डोक्याने शिकवणार. काळजी नसावी.

तुझीच,
भाची

ता. क. वही पाठवत नाही. तूच ये आणि घेऊन जा, गुरुवारी दुसऱ्या तासाला. शाळेची पायरी पुन्हा चढणार नाही असं तू म्हणाली होतीस, पण इथे पायरीच नाही. तुझ्या गुडघ्यांसाठी मुख्याध्यापकांशी भांडून मी तळमजल्यावरचा वर्ग मागून घेतला आहे.

आणखी एक. बाराव्या उत्तराच्या जागी तू उत्तर लिहिलेलंच नाहीस. तिथे लिहिलं आहेस, 'मुलगा कधी भेटला तर सांगणे, प्रश्न चांगला होता, खाली बस म्हणाले ते माझं चुकलं.' साहेब पान वाचत होते तेव्हा तेवढी ओळ मी तळहाताखाली झाकून धरली होती. ती तू सांग.