ऐकण्याची ड्यूटी

२ फेब्रुवारी, सकाळ
पोचलो. शहर अफाट आहे. स्टँडच्या बाहेर पाऊल टाकलं तर सगळे हॉर्न माझ्याच नावाने वाजत होते. खरा प्रवासी घाबरत नाही, निरीक्षण करतो. फुटपाथवर उभं राहून बराच वेळ निरीक्षण केलं. मग एका आजींना रस्ता ओलांडून दिला. हात त्यांनी माझा धरला होता, पण तो तपशील झाला.
बॅग पाठीपेक्षा मोठी आहे. बसमधून उतरताना दोघांना लागली. दुकानदार म्हणाला होता की हिला चौदा कप्पे आहेत. टूथब्रश त्यातल्या कुठल्या तरी एकात आहे.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
हॉस्टेलमध्ये वरचा बंक मिळाला. खालची मुलं काका म्हणतात. सत्तेचाळीस हे काय काका म्हणायचं वय आहे?
ताईचा फोन. बाबांना तिच्याकडे सोडून आलोय याचा राग. मार्च लागला की तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्याआधी परत ये म्हणाली. घरी म्हातारा बाप, आणि तू लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालास, असंही म्हणाली. मी शांतपणे समजावलं की स्वतःला शोधल्याशिवाय माणूस घरच्यांच्या उपयोगी पडत नाही. त्यावर ती म्हणे, इतकी वर्षं घरातच तर होतास, तेव्हा कसा सापडला नाहीस. मग फोन कट झाला. मोठ्या शहरात नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो.
त्याआधी बाबांशीही बोललो. शहराचं वर्णन केलं, इथल्या वृद्धाश्रमात सेवा करण्याची माझी योजना सांगितली. ते हं हं करत राहिले. त्यांच्या कानातल्या मशीनची बॅटरी कायम संपलेली असते, आणि नेमकी माझ्याशी बोलताना. कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं.

४ फेब्रुवारी
सेवेचा पहिला दिवस. वृद्धाश्रम टायरच्या दुकानावर आहे. जिना अरुंद, बॅग अडकली. दुकानातल्या पोरांनी खालून ढकलली तेव्हा बॅग आणि मी, दोघं वर गेलो.
मॅनेजरबाईंनी विचारलं, काय येतं? म्हटलं, लोकांशी बोलता येतं. त्या म्हणाल्या, बोलायला पुष्कळ येतात, ऐकायला कोणी नसतं. इथली पद्धतच आहे म्हणे. खाटेजवळच्या स्टुलावर बसायचं आणि ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, आपलं सांगायचं नाही. ऐकण्याची ड्यूटी. एवढं सोपं काम मला द्यावं याचं वाईट वाटलं, पण सेवेत लहानमोठं नसतं.
मला शिवणकाकू मिळाल्या. आयुष्यभर ब्लाउज शिवले. त्या मुलाबद्दल सांगू लागल्या, तेवढ्यात मला आमच्या ऑफिसातला एक किस्सा आठवला.

५ फेब्रुवारी
किस्सा आज पूर्ण झाला. आनंदाची गोष्ट म्हणजे मी बसल्या बसल्या काकूंनी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. घरच्या माणसासमोर आपण चष्मा काढतो तसं. दुसऱ्याच दिवशी इतका जिव्हाळा.

९ फेब्रुवारी
काकूंना विश्रांती हवी म्हणून मला मास्तरांकडे दिलं. निवृत्त शिक्षक, पंचाऐंशीच्या पुढचे. त्यांना एकटेपणा कसा घालवावा ते समजावलं. त्यांनीही मशीन काढलं. माझ्यात काहीतरी आहे.
खालची मुलं रात्री हेडफोन लावून झोपतात. हल्लीच्या पिढीला संवाद नको.

१३ फेब्रुवारी
बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, तुम्ही फार बोलता. संकल्प: उद्यापासून कमी बोलणे. हा संकल्प मास्तरांना सविस्तर सांगितला.
संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला. मी मास्तरांना भरवतोय. मास्तर स्वतःच्या हाताने जेवतात, पण फोटोपुरतं ऐकलं त्यांनी. खाली लिहिलं: इथे म्हाताऱ्या माणसांना घरच्यापेक्षा माया मिळते. सगळ्यांचे अंगठे आले. ताईने विचारलं, तिथे जागा असते का? तिच्या मनातही सेवेचं बीज पडलं तर. गुडघा बरा झाला की ये म्हटलं.

१८ फेब्रुवारी
बदली झाली. आता चादरींच्या घड्या. बाई म्हणतात, तिथे शांतता असते. मी याला जबाबदारी वाढणं म्हणतो.
ताईचा पुन्हा फोन. ऑपरेशनची तारीख पक्की झाली, तू कधी येतोस ते एकदाच सांग. म्हटलं, इथली माणसं माझ्यावर विसंबून आहेत, मध्येच सोडून जाणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, बरं. पटलं असावं. मग विचारते कशी, फोटो टाकलास ती जागा खरंच चांगली आहे ना? छातीवर हात ठेवून सांगितलं, उत्तम आहे. पत्ता मागितला. बहुधा मला काही पाठवणार. मोजे सांगायला हवे होते.

२४ फेब्रुवारी, दुपार
घड्या घालत होतो. जिन्यावर काठीचा आवाज. ओळखीचा.
ताई आणि बाबा.
ताईच्या हातात बाबांची जुनी कापडी पिशवी, कप्पा एकच. ताई लंगडत होती. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, तूच म्हणालास ना घरच्यापेक्षा माया मिळते. आणि तू आहेसच इथे. बाईंशी तिचं आधीच बोलणं झालं होतं. मला कोणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल.
बाबांना खिडकीजवळची खाट दिली. ती कालपर्यंत रिकामी होती. चादर मीच घातली होती.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ
ताई गेली. जाताना रडली नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला. बाई म्हणाल्या, वडिलांजवळ बसा, आज घड्या राहू देत.
स्टुलावर बसलो. पुष्कळ बोललो. ताईने असं करायला नको होतं. ही जागा वाईट नाही, पण तुमची नाही. घरी गेल्यावर सकाळी फिरायला जाऊ, बाल्कनीत तुमची खुर्ची ठेवू, मी आता बदललोय. बाबा मान हलवत होते. पाणी घ्यायला वळलो तर खाटेशेजारच्या टेबलावर डबी, डबीत मशीन.
बॅटरी संपली असणार. नवी घालायला मशीनचं मागचं झाकण उघडलं. बाबा म्हणाले, राहू दे, ताईने सकाळीच नवी घातली आहे.
समोरच्या खाटेवरच्या शिवणकाकू माझ्याकडे बघत होत्या. मास्तर भिंतीकडे बघत होते. मला त्यांच्याही डब्या आठवल्या. घरच्या जेवणाच्या टेबलावरची बाबांची डबीही आठवली. कंपनीला पत्र लिहिलं नाही ते बरं झालं.
मशीन बाबांच्या हातात दिलं. खूप वेळाने त्यांनी ते कानात घातलं. मी गप्प बसलो. इथे आल्यापासून पहिल्यांदाच खरी ड्यूटी केली म्हणायची.
बाबांनी एवढंच विचारलं, घरी कधी नेणार?
सोपा प्रश्न होता. उद्या, असं म्हणता आलं असतं. बसही सकाळचीच आहे. पण रोजच्या औषधांचं, त्यांच्या आंघोळीचं, ताई खाटेवर असताना स्वयंपाकाचं सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं, आणि मी म्हणालो, बाबा, तसं बघायला गेलं तर...
त्यांनी मशीन काढलं. डबीत ठेवलं. झाकण नीट बसत नव्हतं.
मी लावून दिलं.